बुटक्या गाडीचे उंच मालक

घर भाड्यानं बघायला गेले, तेव्हा घरमालकांनी मला पहिला प्रश्न विचारला तो, "वजन किती तुझं?"

मी पुण्याहून नुकतीच आले होते. नोएडाच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली होती आणि पलीकडे गाझियाबादेत, वसुंधरा नावाच्या अर्ध्या बांधलेल्या, अर्ध्या अजून शेतातच असलेल्या वसाहतीत घरं स्वस्त मिळतात असं ऑफिसात कुणीतरी सांगितलं होतं. घरमालक मराठी आहेत म्हणून जरा निर्धास्तही होते. घरी कधी येणार, मांसमच्छी शिजवणार का, मित्रमंडळी येतात का, अशा सगळ्या प्रश्नांची उत्तरं बसमध्ये घोकून ठेवली होती. वजनाची तयारी नव्हती.

"कशासाठी?" मी विचारलं.

"अगं, आमच्या गाडीत कधीतरी बसशील ना!"

"अहो, तिला आधी पाणी तरी विचारा," आतून आवाज आला.

"पंचावन्न," मी म्हणाले.

त्यांनी मला डोक्यापासून पायांपर्यंत एकदा न्याहाळलं. त्या नजरेत काही वावगं नव्हतं, वाणी भोपळ्याकडे बघतो तसं ते बघत होते. "अठ्ठावन्न," ते म्हणाले. "पण चालेल. मागच्या सीटवर, डावीकडे."

अठ्ठावन्नच होतं.

काकांची सगळी नोकरी केंद्र सरकारच्या वजनमापांच्या कामात गेली होती. मूळचे सांगलीचे. ऐन विशीत दिल्लीला आले ते निवृत्तीपर्यंत सरकारी क्वार्टरांतून फिरत राहिले, आणि मग गाझियाबादेत हे दुमजली घर बांधलं. खाली ते आणि काकू, वरच्या दोन खोल्यांत मी. एवढी वर्षं दिल्लीत राहिल्यामुळे त्यांचं मराठी सांगलीचंच राहिलं, पण उद्गार सगळे हिंदी झाले होते. "बिल्कुल" आणि "अच्छा" यांच्यामध्ये ते मराठी वाक्यं बसवायचे. भाजीवाला ठेला घेऊन गल्लीत आला की काका नुसते फाटकात उभे राहायचे. बोलायचे काही नाहीत. तो आपणहून एक टोमॅटो जास्तीचा टाकायचा. काका तो उचलून परत ठेवायचे आणि म्हणायचे, "ज़्यादा भी ग़लत, कम भी ग़लत."

सहा फुटांच्या वर उंची, लांब हात, लांब नाक, बारा महिने सफारी सूट. आणि या उंच माणसाची गाडी म्हणजे त्या सबंध इलाक्यातली सगळ्यांत बुटकी गाडी. सोसायटीतली मुलं त्यांना 'नीची गाडीवाले अंकल' म्हणायची. गाडीत बसायची त्यांची पद्धत बघण्यासारखी होती. आधी पाठमोरं होऊन बैठक टेकवायची, मग एकेक पाय उचलून आत घ्यायचा आणि शेवटी मान वाकवून डोकं आत ओढायचं. काकू म्हणायच्या, "आले बघ, छत्री मिटतायत."

गाडी मुळात अशी नव्हती. एका साध्या, चार दारांच्या पांढऱ्या गाडीला राजौरी गार्डनच्या एका हौशी पोरानं स्प्रिंगा कापून खाली आणलं होतं आणि तिला मोठी, चकचकीत अलॉय चाकं बसवली होती. पोरगा कॅनडाला निघाला म्हणून गाडी विकायला काढली. काकांनी तोवरचा जन्म स्कूटरवर काढला होता. स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायच्या काळातली ती स्कूटर. दिल्लीच्या थंडीत स्वेटरच्या आत वर्तमानपत्र घालून ते ऑफिसला जायचे. आता बाजारात हव्या त्या गाड्या मिळायला लागल्या होत्या, शेजारीपाजारी सगळे घेत होते, तेव्हा आपणही एखादी जुनी बघू म्हणून ते गेले. त्या पोरानं त्यांना चाणक्यपुरीत, परदेशी वकिलातींच्या त्या तुळतुळीत रस्त्यांवर गाडी चालवायला दिली.

"चालत नव्हती गं," काका सांगायचे, आणि दर वेळी तळहात जमिनीलगत धरून हवेत सरकवायचे. "वाहत होती! वळणावर कलली नाही. जमीन अशी हाताला लागत होती, यार!"

जमिनीपासून तिचं पोट जेमतेम चार बोटं वर आहे, हे त्यांना गाझियाबादेत आल्यावर कळलं.

गाझियाबाद म्हणजे वकिलातींचा रस्ता नव्हे. तिथे ज्याला वाटेल तो आपल्या दारासमोर स्पीडब्रेकर घालायचा. कुणाच्या घरी लग्न, घाल ब्रेकर. कुणाची म्हैस रस्ता ओलांडते, घाल ब्रेकर. दुसऱ्या कुणी अशा गावात ही गाडी महिन्याभरात विकली असती. काकांनी त्याऐवजी दोन जाड फळ्या घेतल्या आणि डिकीत ठेवल्या. ब्रेकर आला की ते गाडी थांबवून म्हणायचे, "उतरा." सगळ्यांनी उतरायचं. काका फळ्या काढून ब्रेकरच्या दोन्ही बाजूंना उतार तयार करायचे, रिकामी गाडी हलकेच पलीकडे न्यायचे, फळ्या परत डिकीत टाकायचे आणि म्हणायचे, "बसा." काकूंचे भाऊ एकदा कोल्हापूरहून आले होते. काकांनी त्यांना स्टेशनवरून घरी आणलं. ते घामाघूम होऊन दारात उभे राहिले आणि बहिणीला म्हणाले, "ताई, चालत आलो असतो तर लवकर पोचलो असतो."

एका बाबतीत मात्र काकांनी फळ्या टाकायला नकार दिला. सोसायटीच्या फाटकात कमिटीनं ब्रेकर बांधला तेव्हा ते टेप घेऊन प्रेसिडेंटच्या घरी गेले. ब्रेकरची उंची किती असावी, रुंदी किती असावी, याचे नियम त्यांनी तोंडपाठ म्हणून दाखवले आणि वर सांगितलं, "आपने ब्रेकर नहीं बनाया, दीवार लिटा दी है." प्रेसिडेंट कंटाळले आणि त्यांनी ब्रेकर तासून जवळजवळ सपाट करून टाकला. काका जिंकले. पण दुसऱ्याच दिवशी पोरं स्कूटरी सुसाट आत आणायला लागली आणि फाटकाशी खेळणारी एक छोटी मुलगी थोडक्यात वाचली. त्या संध्याकाळपासून काका स्वतः फाटकात उभे राहायला लागले. येणाऱ्या प्रत्येक गाडीपुढे लांबलचक हात आडवा करायचे. मुलं खेळून घरी जाईपर्यंत तिथेच.

"काका, तुम्ही हे रोज करणार?" मी विचारलं.

"बिल्कुल. ब्रेकर मी काढायला लावला. मग त्याचं काम कोण करणार?"

आणि खरोखर ते रोज करत राहिले.

काकू बेतशीर उंचीच्या, हसऱ्या आणि शब्दांच्या बाबतीत फार कडक होत्या. नोकरीभर शाळेत शिकवलेलं. निवृत्तीनंतर त्या रविवारी दिल्लीत मराठी मुलांचा वर्ग घ्यायच्या. कस्तुरबा गांधी मार्गाच्या जवळ एका सरकारी वसाहतीत छोटासा हॉल होता, तिथे. सरकारी नोकरांची, कंपन्यांत काम करणाऱ्यांची मुलं यायची. नावं मराठी, आडनावं मराठी, आणि "काकू, मी थक गेलो" म्हणायची. एकदा 'उंबरठा' शब्द आला. एकाही मुलाला तो माहीत नव्हता, कारण कुणाच्याच फ्लॅटला उंबरठा नव्हता. काकूंनी काकांना गाडीतली फळी आणायला लावली, ती हॉलच्या दारात आडवी ठेवली आणि प्रत्येक मुलाला ती ओलांडून आत यायला लावलं. काका कौतुकानं बघत बाजूला उभे होते. त्या फळीचा तेवढा मान कुणीच केला नव्हता.

वर्ग सुटला की आम्ही तिघं जवळच्या महाराष्ट्राच्या अतिथिगृहात जायचो. तिथल्या कँटीनमध्ये साबुदाणा वडे मिळायचे. काकूंचा सबंध आठवडा त्या रविवारावर टांगलेला असायचा. सोमवारपासून त्या मुलांसाठी गोष्टी शोधायच्या, चित्रं कापायच्या, आणि मला वरून हाक मारून बोलवून "हे त्यांना कळेल का गं?" म्हणून वाचून दाखवायच्या.

मग काकूंचे गुडघे धरायला लागले.

चार बोटांवर पोट असलेल्या गाडीत बसणं म्हणजे जमिनीवर बसण्यासारखंच. बसणं एक वेळ जमतं, उठणं कठीण. "विहिरीतून वर आल्यासारखं वाटतं हो," काकू म्हणायच्या. काका त्यांना हात द्यायचे, दारावर धरायला कडी बसवून घेतली, सीटवर उशी ठेवली. उशीमुळे काकूंचं डोकं छताला लागायला लागलं, म्हणून ती काढली.

ऐन थंडीतली गोष्ट. अतिथिगृहाच्या पोर्चमध्ये गाडी थांबली आणि काकूंना उतरता येईना. एक पाय बाहेर, एक आत, आणि गुडघा वाकलेला तो वाकलेलाच. मागे कुठल्याशा साहेबांची लाल दिव्याची गाडी येऊन उभी राहिली आणि तिचा ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला. काका धावत आले, मी मागून ढकलत होते, एक पहारेकरी आणि वर्गातल्या एका मुलाचे वडील असे दोघं पुढून ओढत होते. त्या ओढाताणीत काकूंची चप्पल आत राहिली. तो मुलगा जवळच उभा होता. तो ओरडला, "पप्पा, काकू फँस गई!"

"अडकल्या," काकू तशाही अवस्थेत म्हणाल्या. "काकू अडकल्या, म्हण."

सगळे हसले. काकू हसल्या नाहीत. आत जाऊन बसल्या, पण वडे समोर तसेच राहिले. थोड्या वेळानं त्या शांतपणे म्हणाल्या, "मी आता या गाडीत बसणार नाही."

काका म्हणाले, "अगं, आज थंडी आहे म्हणून..."

"नाही बसणार."

मी काकूंना घेऊन रिक्षानं निघाले. दिल्लीचे रिक्षावाले तेव्हा 'यूपी नहीं जाएगा' म्हणत सरळ तोंड फिरवायचे, म्हणून हद्दीपर्यंत एक रिक्षा आणि पुढे दुसरी. मागून काका गाडी घेऊन येत होते. आमची रिक्षा ब्रेकरवरून उडायची आणि काका मागे पडायचे, फळ्या टाकायचे, मग पुन्हा आम्हाला गाठायचे. काकूंनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. मी मात्र प्रत्येक वेळी पाहत होते.

त्यानंतर वर्ग विस्कळीत झाला. कधी रिक्षा मिळायची, कधी नाही. दोन-तीनदा मुलं येऊन बसली आणि काकू पोचल्याच नाहीत. एका रविवारी मी खाली गेले तर त्या दिवसाढवळ्या पडदा ओढून पडल्या होत्या. कापलेली चित्रं टेबलावर तशीच. "वर्ग दुसऱ्या कुणाला तरी द्यावा म्हणते," त्या म्हणाल्या. काका बाहेरच्या खोलीत उभे होते. त्यांनी ते ऐकलं आणि फाटकाकडे निघून गेले, मुलं खेळायला यायला अजून बराच अवकाश होता तरी.

त्याच सुमाराला गाडीच्या टायरांनी मान टाकली. वरची नक्षी झिजून चारही टायर पार गुळगुळीत झाले. मेकॅनिकनं सांगितलं, आता बदला, नाहीतर पावसाळ्यात घसराल. आणि मग आमच्या घरात तो मंत्र सुरू झाला: "एकशे पंच्याण्णव, पंचेचाळीस, पंधरा."

तो टायरचा आकार होता. काकांनी मला तो जेवताना समजावून सांगितला. स्टीलची ताटली उभी धरली. "ही तुझी रिम, पंधरा इंची. हिच्याभोवती टायर. त्याची रुंदी एकशे पंच्याण्णव मिलिमीटर. आणि ही भिंत," ताटलीच्या कडेवर बोट ठेवून ते म्हणाले, "रुंदीच्या शंभराला पंचेचाळीस. म्हणजे बुटकी. भिंत बुटकी म्हणून चाक वरच्या पत्र्याच्या कमानीत बसतं. भिंत वाढली की चाक कमानीला घासलं."

"आणि मिळत नाही तो?"

"मिळत नाही. हा देश उंच टायरांचा आहे."

रविवारी आता वर्ग नसला की ते मला टायर शोधायला न्यायचे. करोलबाग झालं, झंडेवालान झालं. दुकानदार आकार ऐकूनच हसायचे. एकानं आतून एक परदेशी टायर आणला, आकार अगदी बरोबर. काकांनी खिशातून छोटी बॅटरी काढली, गुडघ्यावर बसून टायरच्या भिंतीवरचे बारीक आकडे वाचले. कुठल्या आठवड्यात, कुठल्या साली बनला ते त्यात असतं. मग नखानं रबर दाबून पाहिलं. "भाईसाहब, ये तो मुझसे पहले रिटायर हो चुका है," ते म्हणाले आणि उठले. दुसऱ्यानं सांगितलं, जरा रुंद घ्या, दोनशे पाच घ्या, काय फरक पडतो! काकांनी स्टिअरिंग पूर्ण वळवून चाक कमानीच्या किती जवळ जातं ते त्याला दाखवलं. तिसरा म्हणाला, भिंत थोडी उंच घ्या, पंचावन्नचा सगळीकडे मिळतो. कमानी ठोकून बाहेर काढू. त्यावर काका खरे चिडले.

"चाकाचा घेर वाढला तर स्पीडोमीटर काय दाखवेल? मी असेन साठच्या वर आणि काटा सांगेल साठ. मी आयुष्यभर लोकांचे खोटे काटे जप्त केले, आणि आता स्वतःच्या गाडीत खोटा काटा घेऊन फिरू?"

सोपा मार्ग सगळ्यांनीच सांगितला होता. मोठी चाकं काढा, कंपनीची मूळची तेरा इंची चाकं आणि मूळच्या उंच स्प्रिंगा बसवा. गाडी होती तेवढी वर येईल. टायर कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतील. आणि, हे कुणी मोठ्यानं म्हणत नव्हतं पण प्रत्येकाच्या मनात होतं, काकूंना बसता येईल. मी एकदा धीर करून म्हणाले, "काका, गाडी उंच केली तर?" सिग्नल हिरवा होऊनही ते जरा वेळ तसेच थांबले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मला जिन्याखाली गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी दिसलं. मी वाकून पाहिलं. चार लांब स्प्रिंगा होत्या, मायापुरीच्या भंगारबाजारातून आणलेल्या, पण रॉकेलनं घासून स्वच्छ केलेल्या. काका फाटकात उभे होते. मी गोणपाट होतं तसं झाकलं. माझ्या आधी काकूंनीही ते उघडून पाहिलं असणार, कारण त्यांची केरसुणी तिथेच पडली होती.

आणि त्याच दिवसांत काकू रोज सकाळी 'व्यायामाला' जायला लागल्या. गुडघ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलाय म्हणे. काका खूश. मीही खूश होते, पण एका सकाळी ऑफिसची बस चुकली म्हणून मी मुख्य रस्त्यावर उभी होते आणि समोरून ड्रायव्हिंग स्कूलची एक छोटी गाडी आचके देत आली. डोक्यावर पिवळी पाटी, काचेवर लाल अक्षर, आणि आत काकू. दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलेलं, ओठ आवळलेले. त्यांनी मला पाहिलं. हात सोडायची हिंमत नव्हती म्हणून नुसत्या भुवया उडवल्या. त्याचा अर्थ अगदी स्पष्ट होता: गप्प राहायचं.

मार्चमध्ये कश्मीरी गेटच्या एका मोठ्या टायरवाल्याचा फोन आला. काका त्याच्याकडे सांगून आले होते. माल आलाय, येऊन बघा. काका गाडी घेऊन निघाले. काकू म्हणाल्या, "मीही येते. हिच्याबरोबर मेट्रोनं." मेट्रो तेव्हा नवीकोरी होती. शाहदऱ्यापासून लोक नुसती बघायला म्हणून बसायचे, आणि सरकत्या जिन्यावर पाय ठेवताना देवाचं नाव घ्यायचे. काकू त्या जिन्यावर उभ्या राहिल्या आणि गुडघे न वाकवता वर जाता येतंय याचं त्यांना एवढं अप्रूप वाटलं, की पुन्हा खाली जाऊन पुन्हा वर आल्या. आम्ही काकांच्या बऱ्याच आधी दुकानात पोचलो.

दुकानदार लालाजी गोरेपान, जाडजूड आणि मोकळ्या स्वभावाचे होते. काकूंना खुर्ची दिली, चहा मागवला. काका आले, तेव्हा चार टायर ओळीनं मांडून ठेवले होते. काळे, मऊ, रबराचा नवा वास येणारे. काकांनी बॅटरी काढली, प्रत्येकाच्या भिंतीवरचे आकडे वाचले. साल ताजं. आकार तोच. गाडीचं ओझं पेलायचा आकडाही बरोबर. त्यांनी एका टायरवरून तळहात फिरवला. नातवाच्या डोक्यावरून फिरवावा तसा.

"आख़िरी सेट है, अंकलजी," लालाजी म्हणाले. "इसके बाद मैं नहीं मँगवाऊँगा. पूरी दिल्ली में एक आप ही ग्राहक हो."

काका उठले. गुडघे झाडले. मग आमच्याकडे न बघता म्हणाले, "तेरह इंच दिखाइए."

"जी?"

"तेरह इंच की रिम और टायर. स्प्रिंग मैं लाया हूँ. डिकी में हैं." त्यांनी गाडीची किल्ली पुढे केली. "गाड़ी ऊँची करनी है."

लालाजींनी काकूंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला तिथून उठून रस्त्यावर जावंसं वाटलं.

काकूंनी चहाचा कप खाली ठेवला. "कशाला?"

"कशाला म्हणजे? तुला बसता यायला हवं ना. तुझा वर्ग बुडतोय. मी काय, आंधळा आहे?"

"मला बसायचंय कुठे?" काकू म्हणाल्या. "मला चालवायचीये."

काका त्यांच्याकडे बघतच राहिले. काकूंनी पर्स उघडली आणि लायसन्स काढून त्यांच्या हातात दिलं. काकांनी ते बॅटरीच्या उजेडात वाचलं. दुकानात भरपूर उजेड होता तरी.

"व्यायाम?" ते म्हणाले.

"व्यायामच होता. डॉक्टर म्हणाले, गुडघे हलते ठेवा. माझे उठताना दुखतात, क्लच दाबताना नाही. गाडी बुक केलीये. छोटीच आहे, पण उंच आहे. खुर्चीत बसावं तसं बसता येतं. माझ्या फंडातून घेतलीये, तुम्हाला विचारलं नाही, कारण तुम्ही तिचे टायर मोजत बसला असता." मग पर्स मिटत म्हणाल्या, "तुम्ही स्प्रिंगा आणल्यात ते पाहिलं मी. पाहून बरं वाटलं. पण हेच टायर घ्या. तुमची गाडी आहे ती. उंच केली तर रोज तिच्याकडे बघून उसासे टाकाल आणि ते मला ऐकावे लागतील."

लालाजींना मराठी कळत नव्हतं, पण बाकी सगळं कळलं असावं. ते म्हणाले, "तो अंकलजी, कौन सा चढ़ाऊँ?"

काकांनी नाक शिंकरलं. "यही. पैंतालीस वाला."

टायर चढेपर्यंत ते लायसन्सवरचा काकूंचा फोटो पुन्हा पुन्हा पाहत होते. निघताना फक्त एवढंच म्हणाले, "फोटोत वजन जास्त वाटतंय."

वर्ग पुन्हा सुरू झाला. रविवारी सकाळी आमच्या फाटकातून दोन गाड्या निघायच्या. पुढे काकूंची उंच, आटोपशीर निळी गाडी आणि मागे काकांची पांढरी. मी काकूंच्या शेजारी. सुरुवातीला काकू चौकात गाडी बंद पाडायच्या, ट्रकवाले अंगावर यायचे, आणि मागून काका सतत दिवे लावून, हात बाहेर काढून, हॉर्न देऊन सूचना करायचे. दुसरा गिअर टाक. डावीकडे घे. आरशात बघ. असं सगळं उन्हाळाभर आणि पावसाळाभर चाललं. काकू ब्रेकरवरून ऐटीत पलीकडे जायच्या आणि काका फळ्या टाकेपर्यंत कडेला थांबायच्या. ऑक्टोबरातल्या एका रविवारी मात्र त्यांनी महामार्गाच्या कडेला गाडी थांबवली, खाली उतरल्या, अगदी सहज उतरल्या, आणि मागे काकांच्या खिडकीशी जाऊन वाकून म्हणाल्या, "मागून शिकवू नका. शिकवायचंच असेल तर शेजारी येऊन बसा. नाहीतर घरी बसा."

पुढच्या रविवारी मी खाली आले, तर पांढऱ्या गाडीवर कापडाचं झाकण होतं आणि काका निळ्या गाडीच्या पुढच्या सीटवर बसले होते. मी मागे बसले. त्यांना वाकावं लागलं नव्हतं. डोकं आणि छत यांच्यात चांगली वीतभर जागा होती आणि ते हात वर करून ती पुन्हा पुन्हा चाचपून बघत होते. ब्रेकर आले, गेले. दर वेळी त्यांचा हात सवयीनं दाराच्या कडीकडे जायचा आणि परत मांडीवर यायचा.

निजामुद्दीनच्या पुलावर गाडी चढली. सकाळचं कोवळं ऊन पडलं होतं. काका अचानक पुढे वाकले, मग खिडकीकडे वळले.

"अगं," ते म्हणाले. "यमुना."

"हो. मग?"

"दिसते इथून."

मला क्षणभर कळेना. मग लक्षात आलं. त्यांच्या गाडीतून या पुलावर फक्त कठडा दिसायचा, करड्या सिमेंटची एक लांबलचक भिंत. गाडी घेतल्यापासून ते या नदीवरून जात होते आणि त्यांनी ती इथून पाहिलीच नव्हती. खाली पाणी संथ पसरलं होतं. काठावर काशाचं पांढरं गवत फुललं होतं, भाजीचे हिरवे वाफे होते, आणि एक माणूस छोट्या होडीत उभा राहून बांबूनं ती पुढे ढकलत होता. काका काचेला नाक लावून बघत होते.

"सगळ्यांनाच दिसते हो ती," काकू म्हणाल्या, पण हळू आवाजात.

"जरा सावकाश घे," काका म्हणाले.

मला वाटलं, आता काकू चिडणार. शिकवणं त्यांना बिलकूल खपत नसे. पण त्यांनी मुकाट्यानं गिअर बदलला आणि गाडी अगदी कडेला, कठड्याजवळ घेतली. मागच्या ट्रकवाल्यानं हॉर्नवरून हात काढला नाही, तरी पूल संपेपर्यंत त्यांनी ती तशीच सावकाश चालवली.